ब्लॉक ग्रँटचा पैसा कुठे ठरतो: अमेरिकेत सेवाकार्य सुरू करणाऱ्या मराठी मंडळींसाठी

वॉशिंग्टनकडे अर्ज करायचा नसतो. नवख्या माणसाला आधी हेच सांगावं लागतं, कारण बहुतेकांची शोधाशोध तिथूनच सुरू होते. मुलांकडे राहायला आलेले आईवडील दिवसभर घरात एकटे असतात, त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं मंडळातल्या चार-पाच जणांच्या मनात येतं. किंवा घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांना मराठी-हिंदीत बोलता येईल अशी मदतवाहिनी हवी असते. कुणीतरी म्हणतं, "अहो, यासाठी सरकार पैसे देतं की." मग ग्रँट्स डॉट गव्ह हे केंद्राच्या अनुदानांचं संकेतस्थळ उघडलं जातं, 'सोशल सर्व्हिसेस' शोधलं जातं आणि दोन रविवार त्यात वाया जातात. हा पैसा तिथे छोट्या संस्थांसाठी मांडून ठेवलेला नसतो.

ब्लॉक ग्रँट म्हणजे केंद्र सरकार ठरलेल्या सूत्राने राज्यांना एकरकमी देत असलेला निधी. मोघम उद्देश कायद्यात असतात, पण कोणती सेवा, कुणाला, कोणत्या संस्थेमार्फत, हे राज्य ठरवतं आणि पुष्कळदा राज्य ते काउंटीवर, म्हणजे जिल्हा पातळीच्या कारभारावर सोपवतं. पाटाच्या पाण्याचा हिशेब ज्याला माहीत आहे त्याला हे लगेच कळेल: धरणावर जाऊन उपयोग नाही, आपल्या चारीची पाळी कधी आहे ते ठाऊक हवं.

या पद्धतीला आजचं रूप आलं १९८१ मध्ये. रेगन सरकारच्या त्या वर्षीच्या अर्थसंकल्पी कायद्याने केंद्राच्या अनेक छोट्या योजनांची मोट बांधून ब्लॉक ग्रँट्स केल्या. राज्यांना मोकळीक मिळाली, पण सोबत निधीला कात्रीही लागली. ही मोकळीक-आणि-कात्री जोडी आजवर सुटलेली नाही. यातली बरीच रक्कम वर्षानुवर्षं गोठलेली असते. महागाई वाढते, माणसं वाढतात, आकडा तोच राहतो. म्हणून पात्र असूनही पैसे नाहीत असं उत्तर मिळालं तर ते टाळण्यासाठी दिलं असेलच असं नाही.

आधी कोणता निधी ते ओळखा

ब्लॉक ग्रँट्स बऱ्याच आहेत. मानसिक आरोग्यासाठी वेगळी, माता-बाल आरोग्यासाठी वेगळी. वीज-गॅसच्या बिलांना मदत करणारी लाइहीप तर अनेकांनी ऐकलेली असते. छोट्या सेवाभावी संस्थेने तीन नावं पक्की लक्षात ठेवावीत.

पहिली सोशल सर्व्हिसेस ब्लॉक ग्रँट, म्हणजे एसएसबीजी. काउंटीतले जुने कर्मचारी तिला 'टायटल ट्वेंटी' म्हणतात, कारण ती सोशल सिक्युरिटी कायद्याच्या विसाव्या भागात आहे. २००० नंतरच्या जवळपास सगळ्या काळात तिची रक्कम वर्षाला १.७ अब्ज डॉलरवर थांबलेली आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ती २.४ अब्ज होती. शिवाय २०१३ पासून दरवर्षी सिक्वेस्टरची, म्हणजे केंद्राच्या खर्चाला आपोआप लागणारी कपात होते, सध्या साधारण ५.७ टक्के. वाटणी राज्यांच्या लोकसंख्येप्रमाणे होते आणि राज्याला आपला हिस्सा घालावा लागत नाही. कायद्यातले उद्देश पाच: माणूस आर्थिकदृष्ट्या स्वतःच्या पायावर उभा राहावा, रोजच्या जगण्यात परावलंबी होऊ नये, मुलांचा आणि स्वतःचं रक्षण करू न शकणाऱ्या प्रौढांचा छळ किंवा हेळसांड थांबावी, कारण नसताना कुणाला संस्थेत ठेवू नये, आणि खरीच गरज असेल तेव्हा संस्थेत प्रवेश मिळवून द्यावा. वृद्धांच्या छळाच्या तक्रारी हाताळणाऱ्या अ‍ॅडल्ट प्रोटेक्टिव्ह सर्व्हिसेसना केंद्राकडून मिळणाऱ्या पैशात याच निधीचा वाटा वर्षानुवर्षं मोठा राहिला आहे. लाभार्थ्याच्या उत्पन्नाची मर्यादा केंद्राने घातलेली नाही, ती राज्य ठरवतं. अपवाद एक: राज्यं आपल्या टॅनफ निधीतला (गरजू कुटुंबांना तात्पुरती मदत देणारा केंद्राचा निधी) १० टक्क्यांपर्यंतचा भाग इकडे वळवू शकतात आणि तो पैसा मात्र दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांच्या आतल्या, मुलंबाळं असलेल्या कुटुंबांवरच खर्च करावा लागतो. एकाच कार्यक्रमात दोन प्रकारचे अर्ज भरून घ्यायला लावतात ते कधीकधी यामुळेच.

दुसरी कम्युनिटी सर्व्हिसेस ब्लॉक ग्रँट, सीएसबीजी. हिची मुळं १९६४ च्या गरिबीविरोधी मोहिमेत आहेत. राज्याला यातला किमान ९० टक्के पैसा ठरलेल्या स्थानिक संस्थांना द्यावाच लागतो. या कम्युनिटी अ‍ॅक्शन एजन्सी देशभरात हजाराच्या वर आहेत. इथे भाबडी आशा ठेवू नका. नवी संस्था या यादीत सहसा शिरू शकत नाही. एखाद्या भागात एजन्सीच नसेल किंवा असलेलीची मान्यता गेली असेल तरच जागा होते. पण एजन्सीशी भागीदारी करता येते, आणि माझ्या मते नवख्यांसाठी हा सगळ्यात शहाणपणाचा मार्ग आहे. त्याबद्दल पुढे.

तिसरी कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक ग्रँट, सीडीबीजी. ती १९७४ ची, गृहनिर्माण खात्याची. रस्ते, गटारं, घरदुरुस्ती असला तिचा तोंडवळा असल्याने समाजसेवावाले तिच्याकडे फिरकत नाहीत. पण तिच्यातली साधारण १५ टक्क्यांपर्यंतची रक्कम 'पब्लिक सर्व्हिसेस'वर खर्च करता येते. ५०,००० किंवा जास्त वस्तीच्या शहरांना आणि मोठ्या काउंट्यांना ती थेट मिळते, म्हणजे निर्णय तुमच्याच सिटी हॉलमध्ये होतो. हिच्यात एक सवलत दडलेली आहे. निधी कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी असल्याने एरवी लाभार्थ्यांच्या उत्पन्नाचे कागद गोळा करावे लागतात, पण काही गट नियमानेच पात्र धरले जातात: वृद्ध, छळ झालेली मुलं, मारहाण झालेले पती किंवा पत्नी, बेघर, गंभीर अपंगत्व असलेले प्रौढ, निरक्षर प्रौढ, एड्सचे रुग्ण आणि स्थलांतरित शेतमजूर. फक्त ज्येष्ठांसाठी कार्यक्रम चालवलात तर वय दाखवलं की पुरतं. आपल्या लोकांना 'उत्पन्न किती' हा प्रश्न किती झोंबतो ते लक्षात घेतलं तर ही सवलत छोटी नाही. अट अशी की सेवा नवी असावी, किंवा असलेल्या सेवेत मोजता येईल अशी वाढ व्हावी. शहराने स्वतः चालवलेलं काम बंद करून तुमच्या गळ्यात घातलेलं चालत नाही.

तुमचं काम निव्वळ ज्येष्ठांचं असेल तर आणखी एक दार ठोठावा. ते ब्लॉक ग्रँटचं नाही, पण तुमच्या घराला जवळचं आहे: एरिया एजन्सी ऑन एजिंग. १९६५ च्या ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्टखाली चालणाऱ्या या कार्यालयांमार्फत ६० वर्षांवरच्यांना जेवण, वाहतूक, घरी सांभाळ करणाऱ्या नातलगांना आधार अशा सेवा मिळतात आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नसते.

आराखड्याच्या वेळी हजर राहा

बहुतेक लोक संस्थांकडून प्रस्ताव मागवणारी जाहिरात निघाल्यावर जागे होतात. ज्याला आरएफपी म्हणतात ती जाहिरात निघते तेव्हा मुख्य निर्णय होऊन गेलेले असतात: कोणत्या सेवेला पैसा, कोणत्या भागात, कमीत कमी किती लोकांसाठी. हे निर्णय त्याआधी काही महिने, आठ-दहा माणसं हजर असलेल्या कंटाळवाण्या सभांमध्ये होतात. तिथे कुणीच जात नाही, म्हणून तिथे जाणाऱ्याचं ऐकलं जातं.

आणि जाण्याचा हक्क कायद्यातच आहे. एसएसबीजीचा पैसा खर्च करण्याआधी राज्याला तो कसा वापरणार याचा अहवाल करावा लागतो, आणि लोकांना मत देता यावं म्हणून तो राज्यात जाहीर करावा लागतो. सीडीबीजीचं तर याहून पक्कं आहे: तीन ते पाच वर्षांचा एकत्रित आराखडा, त्याखाली दरवर्षीचा कृती आराखडा, वर्षात किमान दोन जनसुनावण्या आणि मसुद्यावर ३० दिवसांची मुदत. सीएसबीजीच्या एजन्सींना दर तीन वर्षांनी आपल्या भागाच्या गरजांची पाहणी करावी लागते. या पाहणीत तुमच्या लोकांचा उल्लेख नसेल, तर पुढची तीन वर्षं कागदावर ती गरज अस्तित्वातच नाही.

म्हणून सगळ्यात आधी एक कॅलेंडर करा. केंद्राचं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, बहुतेक राज्यांचं १ जुलैला. न्यूयॉर्कचं १ एप्रिलला, टेक्सासचं १ सप्टेंबरला. तुमच्या शहराचं किंवा काउंटीचं यापैकी कशाशीच जुळत नसेल असंही होतं. या तारखांपासून मागे मोजत आराखड्याचा मसुदा, सुनावणी, जाहिरात आणि करार कधी येतात ते लिहून काढा. मागच्या वर्षीची सभावृत्तं संकेतस्थळावर असतात, त्यातून तारखा काढायला एक संध्याकाळ पुरते.

कोणत्या खात्याकडे बघायचं हे राज्याप्रमाणे बदलतं. ओहायोत टायटल ट्वेंटीचा पैसा रोजगार व कुटुंब सेवा, मानसिक आरोग्य आणि विकासात्मक अपंगत्व अशा खात्यांमध्ये वाटला जातो. न्यू जर्सीत काउंटीची मानवी सेवा सल्लागार मंडळं आहेत आणि त्यांच्या सभा लोकांना खुल्या असतात. पेनसिल्व्हेनियाने तर २०१२ मध्ये स्वतःचीच ह्यूमन सर्व्हिसेस ब्लॉक ग्रँट काढली. नाव सारखं, पण ती मुख्यतः राज्याच्या योजना एकत्र करते. काउंटीत फोन करून "तुमच्याकडे टायटल ट्वेंटी कोण बघतं?" एवढंच विचारा. समोरचा माणूस एकदम नीट बोलायला लागतो, कारण हा प्रश्न बाहेरचं कुणी सहसा विचारत नाही.

सुनावणीत बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात. भारतीय संस्कृतीत ज्येष्ठांचं स्थान यावर ती घालवू नका. आपल्या शहरात इंग्रजी न येणारे किती ज्येष्ठ आहेत हे जनगणना विभागाच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेच्या तक्त्यांतून काढा, सध्याच्या डे सेंटरमध्ये त्यांच्यातले किती जातात ते केंद्राला विचारा, आणि या दोन आकड्यांमधलं अंतर सांगा. वर एखाद्या आजोबांना दोन वाक्यं त्यांच्या भाषेत बोलू द्या, दुभाष्या सोबत ठेवा. लेखी निवेदन द्यायला विसरू नका, कारण आराखड्याला जोडलं जातं ते लेखी.

हा लॉबिंगचा प्रकार नाही का, अशी शंका येते. आराखड्याच्या सुनावणीत मत मांडणं हा नागरिकाचा साधा हक्क आहे. पण पुढे अनुदान मिळालं की त्या पैशातून लॉबिंग चालत नाही. सीएसबीजीच्या कार्यक्रमांत तर मतदार नोंदणीलाही मनाई आहे. उत्साही स्वयंसेवक योगवर्गाबाहेर नोंदणीचं टेबल मांडतात, त्यावर लक्ष ठेवा.

पहिल्या वर्षी दुसऱ्याच्या छत्राखाली

स्वतःच्या नावाने करार मिळवण्याची घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सरकारी करार सांभाळायला लागणारी हिशेबाची शिस्त मंडळाच्या खजिनदाराच्या वहीपेक्षा फार वेगळी असते. त्यापेक्षा आधीच निधी मिळणाऱ्या संस्थेकडे जा: कम्युनिटी अ‍ॅक्शन एजन्सी, कॅथलिक किंवा ज्यू कौटुंबिक सेवा संस्था, मोठं सीनियर सेंटर. त्यांना भाषा येत नाही आणि तुमच्या लोकांपर्यंत पोचता येत नाही. तुम्हाला दोन्ही जमतं. २११ या क्रमांकावर फोन केला की आपल्या भागात कोण काय सेवा देतं ते कळतं, तिथून यादी करा.

बोलणी तोंडी ठेवू नका. दोन पानांचा का होईना सामंजस्य करार असावा. माणसं कोण आणणार, जागा कुणाची, नोंदी कोण ठेवणार, पैसे कसे आणि कधी, हे त्यात हवंच. फुकट दुभाष्याचं काम करून घेणाऱ्या भागीदाऱ्याही भरपूर असतात. पहिल्या बैठकीतच उपकराराचा विषय काढला तर कोण गंभीर आहे ते समजतं.

सीएसबीजीच्या एजन्सींची आणखी एक गोष्ट उपयोगाची आहे. त्यांच्या संचालक मंडळाचे कायद्याने तीन भाग असतात: एक तृतीयांश लोकनियुक्त पदाधिकारी, किमान एक तृतीयांश कमी उत्पन्नाच्या रहिवाशांनी निवडलेले प्रतिनिधी, आणि उरलेले व्यापारी, धार्मिक, शैक्षणिक वगैरे क्षेत्रांतले. तिसऱ्या भागातल्या जागा बऱ्याचदा रिकाम्या राहतात. आपल्यातल्या कुणी तिथे बसलं तर एजन्सीचं काम आतून कळतं. मग हितसंबंध मात्र लेखी जाहीर करावे लागतात आणि आपल्या संस्थेच्या विषयावर मतदानातून बाजूला व्हावं लागतं.

कागदपत्रं

स्वतःच्या नावाने अर्ज करायचा ठरलं की यादी ठरीव आहे, ती भराभर सांगतो. आयआरएसकडून ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून मान्यता, राज्यात धर्मादाय संस्था म्हणून नोंदणी, भरलेले फॉर्म ९९० (संस्थेचं आयआरएसकडचं वार्षिक विवरण), संचालकांची यादी, विमा, हितसंबंधांविषयीचं लेखी धोरण, मुलं किंवा वृद्धांशी काम असेल तर पार्श्वभूमी तपासणी. केंद्राच्या सॅम डॉट गव्ह या संकेतस्थळावरून मिळणारा यूईआय, म्हणजे संस्थेचा ओळख क्रमांकही लागतो. एप्रिल २०२२ पासून जुन्या डन्स क्रमांकाची जागा त्याने घेतली. तो फुकट मिळतो. 'नोंदणी करून देतो, ५०० डॉलर द्या' असे सरकारी दिसणारे ईमेल येतील, ते सरळ पुसून टाका. शेवटी काउंटीच्या खरेदी पोर्टलवर विक्रेता म्हणून नाव नोंदवा, नाहीतर जाहिरात निघाल्याचं कळणारच नाही.

मंदिर किंवा धार्मिक संस्थेच्या नावाने अर्ज करता येतो. पण आरती, प्रवचन, सत्यनारायण हे अनुदानित कार्यक्रमापासून वेळेने किंवा जागेने वेगळं हवं, ऐच्छिक हवं, आणि सेवा कुठल्याही धर्माच्या माणसाला मिळायला हवी. मराठी येत नाही म्हणून कुणाला परत पाठवणंही चालणार नाही.

अर्ज लिहिण्याआधी मागच्या वेळी ज्याला करार मिळाला त्याचा अर्ज आणि गुणपत्रक मागवा. माहिती अधिकारासारखे कायदे इथेही प्रत्येक राज्यात आहेत आणि विनंती पुष्कळदा एका ईमेलवर भागते. कुणी कुठे गुण गमावले हे वाचून जेवढं शिकायला मिळतं तेवढं अर्जलेखनाच्या कुठल्याच कार्यशाळेत मिळत नाही.

हा पैसा कशाला चालत नाही

अंदाजपत्रक लिहिताना नव्या संस्था इथे अडकतात. एसएसबीजीतून जमीन किंवा इमारत घेता येत नाही, मोठं बांधकाम करता येत नाही. गरजूंच्या हातात उदरनिर्वाहासाठी रोख रक्कम देता येत नाही. वैद्यकीय उपचार बसत नाहीत. कुटुंबनियोजन, पुनर्वसन आणि व्यसनमुक्तीचा सुरुवातीचा टप्पा एवढे अपवाद. रुग्णालयात, नर्सिंग होममध्ये किंवा तुरुंगात असलेल्यांना तिथल्या संस्थेने पुरवायच्या सेवा बसत नाहीत. सरकारी शाळा सगळ्यांना देते ते शिक्षणही नाही. राहण्याजेवणाचा खर्च एरवी नाही, पण मारहाणीतून बाहेर पडलेल्या बाईला काही दिवसांचा तातडीचा निवारा देता येतो.

म्हणजे रक्तदाब तपासणी शिबिराचं अंदाजपत्रक नाकारलं जाईल, पण त्याच आजींना डॉक्टरकडे नेऊन आणणारी गाडी, सोबत दुभाषी, घरकामाला मदतनीस, आठवड्यातून तीनदा डे केअर हे सगळं बसू शकतं. राज्याच्या आराखड्यात सेवाप्रकारांची नावं ठरलेली असतात, २८ आणि शिवाय 'इतर'. आपल्या कामाला त्यातलंच नाव द्या. 'संस्कार वर्ग' असं कुणालाच कळत नाही.

आधी खर्च, मग पैसे

करारावर सही झाली म्हणजे खात्यात रक्कम आली असं नव्हे. बहुतेक ठिकाणी आधी तुम्ही खर्च करायचा, पावत्या आणि टाइमशीट जोडून बिल पाठवायचं, आणि भरपाई नंतर. ती उशिरा येते. राज्याचा अर्थसंकल्प रखडला किंवा केंद्र सरकारचं कामकाज बंद पडलं तर आणखी उशिरा. निदान तीन महिन्यांचा पगार आणि भाडं हाताशी नसेल किंवा बँकेची क्रेडिट लाइन नसेल तर करार लहान घ्या. ४०,००० डॉलरचा करार नीट पार पाडलेली संस्था पुढच्या वर्षी वाढीव रक्कम मागू शकते; दीड लाखाचा घेऊन सहाव्या महिन्यात पगार थकवलेली संस्था परत दारात उभी राहू शकत नाही.

टाइमशीट खरी ठेवा, रोजच्या रोज भरलेली, तपासणाऱ्याची सही असलेली. एकच व्यक्ती दोन अनुदानांवर काम करत असेल तर तास वेगळे दिसायला हवेत. केंद्राचा पैसा वर्षात १० लाख डॉलर किंवा त्याहून जास्त खर्च झाला तर सिंगल ऑडिट, म्हणजे केंद्राच्या सगळ्या अनुदानांचं एकत्र लेखापरीक्षण लागतं. ही मर्यादा आधी ७.५ लाख होती, १ ऑक्टोबर २०२४ रोजी किंवा त्यानंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांपासून वाढली. एवढी मजल गाठायला तुम्हाला वेळ आहे, पण हिशेब पहिल्या दिवसापासून निधीवार ठेवलात तर तेव्हा रडावं लागत नाही.

व्हिसा आणि ग्रीन कार्डचा प्रश्न

आपल्या कार्यक्रमात हा प्रश्न येणारच. १९९६ च्या कायद्याने परदेशी नागरिकांपैकी कुणाला केंद्राचे सार्वजनिक लाभ मिळतील यावर बंधनं आली, आणि एसएसबीजी आरोग्य व मानवी सेवा विभागाच्या यादीत पूर्वीपासून आहे. जुलै २०२५ मध्ये विभागाने ती यादी बरीच वाढवली, त्यात सीएसबीजीही आली, आणि अनेक राज्यं त्याविरुद्ध कोर्टात गेली. त्याच १९९६ च्या कायद्यात ना-नफा धर्मादाय संस्थांना लाभार्थ्यांचा इमिग्रेशन दर्जा तपासण्याच्या सक्तीतून सूटही आहे. तुमच्या राज्यात आज काय लागू आहे हे निधी देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी घ्या आणि एकदा वकिलाला दाखवा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सल्ल्यावर कुणाला आत घेऊ नका आणि कुणाला दारातून परतही पाठवू नका. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांसाठी वर्गणीतून चालणारा वेगळा गट ठेवणं हा बऱ्याच संस्थांनी काढलेला साधा तोडगा आहे. मात्र त्याचा खर्च अनुदानाच्या वहीत कुठेही दिसता कामा नये.

नकार आला तर

पहिल्या अर्जाला नकार येतो, तो गृहीत धरा. दहा दिवसांत निधी देणाऱ्या कार्यालयाला पत्र लिहून स्वतःचं गुणपत्रक मागवा आणि परीक्षकांच्या शेऱ्यांवर बोलायला वेळ मागा. वाद घालू नका, लिहून घ्या. अपिलाची मुदत फार थोडी असते, पण अपील करायचं ते प्रक्रियेत चूक झाली असेल तरच. गुण कमी पडले म्हणून केलेलं अपील कुठेच टिकत नाही आणि पुढच्या वर्षी त्याच लोकांसमोर बसायचं असतं. परीक्षक मंडळावर स्वयंसेवक म्हणून नागरिकांना घेतात का तेही त्याच भेटीत विचारा. पुष्कळ शहरं घेतात, आणि स्वतःचा अर्ज नसलेल्या वर्षी त्या खुर्चीत बसून इतरांचे पंधरा-वीस अर्ज वाचता येतात.

अर्ज मंजूर झाला असेल तर एकच काम राहतं. शेवटचा अहवाल दिल्यानंतर निदान तीन वर्षं, आणि राज्याचा नियम जास्त असेल तर तेवढी, हजेरीपट, पावत्या आणि टाइमशीट जपून ठेवायची. मंडळाची कार्यकारिणी दर दोन वर्षांनी बदलते आणि खोकी जुन्या सचिवाच्या गॅरेजमध्ये राहतात. ती नव्या सचिवाकडे यादीसकट सोपवल्याची नोंद सभावृत्तात करून घ्या.